खंडेनवमीच्या पूजेआधी हत्यारं तपासा: जुन्या अवजारांतले लपलेले तडे शोधण्याची पद्धत

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, खानदेशातल्या गॅरेजपासून जिनिंगपर्यंत सगळीकडे हत्यारं धुऊन-पुसून मांडली जातात. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. घणापासून बारक्या पान्यापर्यंत सगळं खोक्यातून बाहेर येतं आणि त्यावरचं ग्रीस निघतं, असं वर्षातून एकदाच होतं. दसरा झाला की कापूस येतो. जिनिंग सुरू होतात, ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर दुरुस्तीला रांग लावतात, केळीच्या ट्रकचे पाटे रात्री-अपरात्री उतरवावे लागतात. मग हत्याराकडे नीट बघायला कोणालाच सवड नसते. त्यामुळे तपासणी पूजेच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत उरकावी. तेव्हा हत्यार हातात असतं, स्वच्छ असतं, आणि खराब निघालं तर बदलायला वेळही असतो.

जुनं म्हणजे वाईट असं मुळीच नाही. ‘हाऊ पाना मन्हा आजाना शे’ असं अभिमानाने सांगावं असे घडीव पोलादाचे पाने आजही रोज काम देतात. पण आजोबांच्या हातात तो पाना कसा वापरला गेला, मधल्या काळात त्याला कोणी वेल्डिंग मारलं, कोणी पाइप घालून ताणलं, हे वरून दिसत नाही. भंगारातून घेतलेल्या हत्याराबद्दल तर काहीच ठाऊक नसतं. हा इतिहास धातूत उरतो आणि तो वाचता येतो.

तडा लपतो कसा

हत्यार एकदम तुटलं असं आपण म्हणतो, पण ते क्वचितच एकदम तुटतं. तुटलेल्या पान्याचा किंवा बोल्टचा तुकडा उजेडात धरून बघा. तुटलेल्या तोंडाचा एक भाग काळपट किंवा तांबूस, गुळगुळीत असतो आणि त्यात शिंपल्यावर असतात तशा वळणाच्या रेषा दिसतात. उरलेला भाग चकचकीत, दाणेदार असतो. काळपट भाग म्हणजे जुना तडा. तो कित्येक महिने तिथे होता आणि त्यात तेल-गंज शिरला होता. चकचकीत भाग शेवटच्या झटक्यात तुटला. काळा भाग जितका मोठा, तितका काळ हत्यार उरलेल्या थोड्याशा धातूवर चाललं होतं.

हा तडा वाटेल तिथे सुरू होत नाही. आतला कोपरा, बोल्टच्या आट्याचं बूड, वेल्डिंगची कड, खोल ओरखडा, पंचाने उठवलेला नंबर, जिथे जाडी एकदम बदलते ती जागा, अशा ठिकाणीच ताण गोळा होतो. त्यामुळे सगळं हत्यार सारखं बघत बसण्याऐवजी नजर थेट तिथे न्यावी.

धुणं हीच अर्धी तपासणी

तपासायचं हत्यार डिझेलमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, ताठ ब्रशने घासा, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यातून काढून कोरडं करा. तेलाचा थर राहिला तर पुढच्या चाचण्या खोटं बोलतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, ग्राइंडरला वायर ब्रश लावून हत्यार चकचकीत करणं. जोराने फिरणारी तार वरचा धातू ओढून तड्याचं तोंड बुजवते, आणि बारीक चीर दिसायची बंद होते. गंज काढायचाच असेल तर हाताचा ब्रश किंवा बारीक पॉलिश पेपर वापरा. दुसरी चूक त्याहून घातक आहे: गंज काढायला हत्यार ॲसिडमध्ये टाकणं. संडास धुण्याचं ॲसिडही यासाठी सर्रास वापरलं जातं. कडक केलेल्या पोलादात ॲसिडमुळे तयार होणारा हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. वरून हत्यार नव्यासारखं दिसतं, आणि नंतर साध्या ताणाला काचेसारखं तुटतं. हुक, स्प्रिंग, गोट्या (नट फिरवायची सॉकेट), छन्नी यांना ॲसिड कधीच लावू नका.

नव्या रंगाचा संशय घ्यावा. भंगार बाजारात हिरवा किंवा निळा ताजा रंग मारलेली वाइस (वस्तू पकडायचा शिकंजा) दिसली की आधी चाकूच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी रंग खरवडून बघा. खाली पुट्टी, पितळेचा झाळ किंवा वेल्डिंगची रेघ निघाली तर ती वस्तू फुकट मिळाली तरी नको. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. ओतीव लोखंडावरून ते फिरवताना जिथे पकड एकदम ढिली होते, तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

खडू-डिझेलची चाचणी

केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, पण तिच्यात शिरलेलं तेल परत बाहेर येतं. याच तत्त्वावर रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी तेल आणि खडूच्या पांढऱ्या लेपाने सुटे भाग तपासले जात. ती पद्धत आजही कोणत्याही गॅरेजात थोड्या खर्चात करता येते.

१. स्वच्छ, कोरडं हत्यार डिझेलमध्ये किमान अर्धा तास बुडवा. रॉकेल मिळत असेल तर ते अधिक चांगलं, कारण ते जास्त पातळ असतं. जाड भाग असेल तर दोन तास ठेवा.

२. बाहेर काढून कोरड्या सुती कापडाने पुसा. कापड दोनदा बदला. शेवटचं कापड कोरडंच निघालं पाहिजे.

३. खडूची पूड स्पिरिटमध्ये पातळ कालवून ब्रशने एकच हात द्या. थर इतका पातळ हवा की खालचा धातू पुसटसा दिसेल.

४. स्पिरिट उडून थर पांढरा झाला की घण किंवा हुकासारख्या जड वस्तूला लाकडी हातोडीने दोन-चार टोले द्या. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

५. पांढऱ्यावर ओली, काळसर, सरळ किंवा किंचित वाकडी रेघ उमटली तर तिथे तडा आहे. ठिपके उमटले तर ओतकामातली छिद्रं असू शकतात. सगळीकडेच ओलं पसरलं तर पुसणं नीट झालेलं नाही, पुन्हा करा.

उचलायच्या सामानासाठी, म्हणजे हुक, शॅकल (साखळी जोडायची यू-आकाराची कडी), जॅकची घोडी (गाडीखाली लावायचा टेकू) यांसाठी, बाजारात तीन डब्यांचा स्प्रे मिळतो: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. त्याला डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट म्हणतात. लाल रंग मारून दहा ते पंधरा मिनिटं थांबा. मग क्लीनर कापडावर मारून त्या कापडाने पुसा. क्लीनर थेट हत्यारावर मारला तर तड्यात शिरलेला रंगही धुऊन निघतो, आणि तडा असूनही ‘काही नाही’ असं उत्तर येतं. ही चाचणी फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. शेवटी साधारण एक फुटावरून डेव्हलपरचा हलका फवारा मारा आणि दहा मिनिटं बघत राहा. लाल रेघ हळूहळू रुंद होत असेल तर तडा खोल आहे.

आपल्याकडचा एक खास मुद्दा. हे स्प्रे साधारण १० ते ५० अंश तापमानाच्या धातूवर चालतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या शेडबाहेर पडलेल्या लोखंडाला हात लावता येत नाही. त्यावर लाल रंग तड्यात शिरण्याआधीच वाळतो. चाचणी उन्हाळ्यात करायची वेळ आलीच तर सकाळी सातच्या आत, सावलीत. स्प्रे आणि स्पिरिट दोन्ही पेट घेतात, तेव्हा त्या दिवशी शेजारी वेल्डिंग किंवा कटर चालू नको.

आवाज

चांगलं लोखंड टोल्याला गातं. हत्यार दोरीला टांगा आणि छोट्या हातोडीने हलकं वाजवा. घण, छन्नी, जड पाना, वाइसचा सुटा जबडा यांचा आवाज टणत्कार करत काही क्षण लांबला पाहिजे. बद्द, फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर तडा असण्याची शक्यता मोठी. एक अट आहे: वस्तू जमिनीला किंवा टेबलाला टेकलेली नको आणि दोन भाग जोडलेले नकोत. बेंचला पक्की बसवलेली वाइस नेहमीच बद्द वाजते, त्यावरून काही ठरवता येत नाही.

घण, हातोडा, छन्नी

छन्नीचं आणि पंचाचं डोकं मार खाऊन कमळासारखं फुलतं. त्या फुललेल्या पाकळ्यांत आधीच तडे असतात. पुढच्या टोल्याला त्यातली एक पाकळी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते आणि नेमकी डोळ्यात किंवा मनगटात घुसते. फुललेलं डोकं ग्राइंडरवर सपाट करा आणि कडेला ३ मिलिमीटरचा ४५ अंशांचा उतार द्या. हे करताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. छन्नीच्या धारेकडे निळा रंग चढला तर तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असू शकतं. हा निळा रंग साधारण ३०० अंशांच्या आसपास येतो. धार अशी निळी दिसली की चांगल्या कानशीचं टोक तिच्यावर ओढून बघा. कानस घसरली तर धार अजून कडक आहे. कानसीने धातू खाल्ला तर ती धार वळणार, मोडणार. लोखंडासाठी धारेचा कोन ६० अंशांच्या आसपास ठेवा.

हातोड्याने हातोडा कधी ठोकू नका. दोन्ही तोंडं कडक असतात आणि चिपा उडतात. घणाच्या तोंडाची कड तुटली असेल, दांड्याच्या भोकाच्या दोन्ही बाजूंच्या पातळ भिंतीत रेघ दिसत असेल तर तो घण संपला. भोकाच्या कोपऱ्यांवर खडू-डिझेलची चाचणी नक्की करा, कारण तिथला तडा दांड्याच्या लाकडाआड असतो. त्यासाठी दांडा काढावा लागतो. कंटाळा आला तरी पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा काढाच.

दांड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण घण निसटण्याची बरीच प्रकरणं लाकडाची असतात. सातपुड्यातला धावडा आणि तिवस ही दांड्याची उत्तम लाकडं. बाभूळही चालते. दांडा उभा धरून त्याच्या रेषा बघा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबीने गेल्या पाहिजेत. रेषा तिरकी होऊन बाजूला बाहेर पडत असतील तर तिथेच तो मोडणार. मग डोक्याच्या लगेच खालचा चार बोटांचा भाग बोटांनी चाचपा. चुकलेला टोला तिथे बसतो आणि लाकडाचे तंतू दबून चेपतात. वरून फक्त खळगी दिसते, पण आत तंतू तुटलेले असतात.

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि डोकं सैल होतं. मग रात्रभर घण पाण्याच्या बादलीत ठेवायची पद्धत आहे. सकाळी तो घट्ट वाटतो खरा. पण फुगलेलं लाकूड लोखंडी भोकात दाबलं जाऊन त्याचे तंतू चिरडतात, आणि वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही जास्त आकसतं. चार-पाच वेळा असं केलं की दांडा कायमचा सैल होतो. त्यापेक्षा लाकडी पाचर नवी ठोका, तिच्यावर आडवी लोखंडी पाचर द्या आणि वरच्या टोकाला जवसाचं तेल दोन-तीन दिवस थोडं थोडं जिरवा.

पाने आणि गोट्या

फिक्स पान्याचं तोंड उघडतं, पण ते डोळ्याला कळत नाही. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीने) दोन ठिकाणी मोजा: तोंडाच्या टोकाशी आणि आत बुडाशी. टोकाकडचं माप बुडापेक्षा जास्त आलं तर जबडे फाकले आहेत. २४ नंबरच्या पान्याचं तोंड २४.५ मिलिमीटरच्या पुढे गेलं असेल तर तो बाजूला काढा. तो नटाचे कोपरे गोल करील आणि घसरला की हाताची बोटं चॅसिसवर आपटतील. रिंग पान्यात आतल्या बारा कोपऱ्यांपैकी एखाद्या कोपऱ्यातून बाहेर निघालेली चीर शोधा. बाहेरच्या कडेवरून बोट फिरवताना एखादा बारीकसा फुगवटा लागतो, चीर त्याच्याच आत असते.

पाने ताणण्याचं मूळ कारण पाइप. २४ नंबरचा पाना साधारण २८-३० सेंटिमीटर लांब असतो, कारण एका माणसाच्या ताकदीचा जोर त्या लांबीला सोसेल इतकीच त्याची जाडी असते. त्यात एक मीटरचा पाइप घातला की तोच माणूस तिप्पटीहून जास्त जोर देतो. नट सुटतो आणि पान्याच्या गळ्यात तडा सुरू होतो. ज्या पान्याच्या मुठीवर पाइपाच्या कडेचे गोल ओरखडे आहेत, त्याची गळ्याशी चाचणी आधी करा. वेल्डिंगने जोडलेला पाना वापरू नका. वेल्डिंगचा जोड टिकतो आणि त्याच्या शेजारचा धातू ठिसूळ होऊन तिथूनच तुटतो.

चकचकीत क्रोमच्या गोट्या हाताच्या रॅचेटसाठी असतात. हवेच्या दाबाने नट फिरवणाऱ्या एअर गनला त्या लावल्या तर पातळ, कडक भिंत फुटते. गनला काळ्या, जाड इम्पॅक्ट गोट्याच हव्यात. क्रोमचा पापुद्रा सुटलेली गोटी ब्लेडसारखी कापते, आणि पापुद्र्याखाली काय आहे ते दिसत नाही. तिला काढून टाका.

पाइप पान्यात हुकाच्या आकाराचा वरचा जबडा आणि मुठीचा कणा बघा. कणा सरळ पट्टीला लावल्यावर मधे उजेड दिसला तर तो वाकला आहे. वाकलेला पुन्हा सरळ करून वापरायचा नाही.

बेंच वाइस

वाइसचं ओतीव लोखंड दाब भरपूर सोसतं, ताण आणि झटका मात्र सोसत नाही. वाइसचा हँडल लांब करायला पाइप घालणं आणि हँडलवर घण मारणं या दोन गोष्टींनी ती फुटते. जबडा पूर्ण उघडून पुढचा भाग बाहेर काढा. तीन जागा बघा: पुढच्या जबड्याचं बूड जिथे सरकता भाग सुरू होतो, तळाला नट बसतो ती खाच, आणि बेंचला बोल्ट लागतात ती कानं. मग परत बसवून जबडा १०० मिलिमीटर उघडा आणि वर-खाली हलवा. थोडा खेळ असतोच, पण जबडा मान टाकल्यासारखा खाली लोंबत असेल तर सरकता मार्ग झिजला आहे. स्क्रू उलटा फिरवताना पाव फेऱ्यापेक्षा जास्त रिकामा गेला तर नट काढून आटे बघा. नट पंधरा मिनिटांत बदलता येतो. फुटलेलं अंग मात्र दुरुस्त होत नाही.

ग्राइंडरचं चाक

बेंच ग्राइंडरचं चाक बसवण्याआधी दर वेळी वाजवून बघावं, नवं असलं तरी. वाहतुकीत तडा गेलेला असू शकतो. कोरडं चाक भोकातून बोटावर किंवा खिळ्यावर टांगा. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने, उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून दीड-दोन इंच आत हलकं वाजवा. मग चाक अर्धं फिरवून पुन्हा. स्वच्छ घंटेसारखा आवाज म्हणजे ठीक. चाक ओलं असेल तर तडा नसतानाही बद्द वाजतं, म्हणून पावसाळ्यात आधी वाळवा. रेझिनने बांधलेलं चाक तसंही मऊ वाजतं, तिथे या चाचणीवर पूर्ण भरवसा नको.

चाकावरचे आरपीएम आणि मशीनवरचे आरपीएम शेजारी ठेवून वाचा. हातग्राइंडरमध्ये सगळ्यात घातक प्रकार म्हणजे गार्ड काढून चार इंची मशीनला सात इंची चकती लावणं. चार इंची मशीन ११,००० च्या आसपास फिरते. १८० मिलिमीटरच्या चकतीची मर्यादा साधारण ८,५०० असते. त्या मशीनवर ती चकती कडेला सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जाते, तर ती ८० मीटरसाठी बनवलेली असते. ती फुटली तर पोट किंवा मान सापडते. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना-वर्ष कोरलेलं असतं, ते वाचा. कारखान्यातून निघाल्यापासून तीन वर्षं ही सामान्य मुदत. दमट जागी पडलेली चकती मुदतीत असली तरी टाकून द्या.

बेंच ग्राइंडरचा टेकू चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, नाहीतर वस्तू मधे अडकून चाक फोडते. चाकाच्या दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर काढून टाकू नका, दाब सारखा वाटला जाण्यासाठी ते असतात. नवं चाक लावलं की बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं फिरवा.

चेन पुली, हुक, जॅक

पाना तुटला तर बोट जातं. चेन पुली तुटली तर माणूस जातो. इथे ‘अजून थोडे दिवस चालेल’ हे वाक्य चालणार नाही.

हुकाच्या तोंडाचं मूळ माप कंपनीच्या पुस्तकात असतं. नसेल तर त्याच मॉडेलच्या नव्या हुकाचं घ्या आणि वहीत लिहा. तोंड मूळ मापापेक्षा ५ टक्के उघडलं, म्हणजे ४० मिलिमीटरचं ४२ झालं, की हुक बाद. आतली बसण्याची जागा १० टक्के झिजली तरी बाद. समोरून बघताना हुकाचं टोक दांडीच्या रेषेतून बाजूला वळलेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही, तो बाद. गरम करून किंवा ठोकून हुक ‘परत बंद करणं’ म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी.

साखळीची झीज लपते ती कड्या एकमेकींना टेकतात तिथे. साखळी लोंबती असताना ती जागा दिसतच नाही. साखळी जमिनीवर सैल टाका, दोन कड्या एकमेकींवर दुमडा आणि आतली खाच बघा. तिथे तारेची जाडी व्हर्नियरने मोजा. मूळ जाडीपेक्षा १० टक्के कमी झाली तर साखळी बदला. दुसरं मोजमाप लांबीचं. साखळीचा जो टोकाकडचा भाग चाकावरून कधी जात नाही, त्यात साधारण ३०० मिलिमीटरमध्ये बसतील तितक्या कड्या मोजा आणि त्यांची नेमकी लांबी घ्या. मग रोज घासल्या जाणाऱ्या भागात तितक्याच कड्या ताणून मोजा. हाताच्या चेन पुलीत फरक २.५ टक्के, म्हणजे ३०० ला साडेसात मिलिमीटर झाला की साखळी संपली. साखळी मोठी असो की छोटी, बोल्ट घालून कडी जोडलेली दिसली तर ती वापरू नका.

ब्रेकसाठी कान लावा. वजन उचलताना रॅचेटची टिक-टिक एकसारखी आली पाहिजे. जिनिंगमध्ये वापरलेल्या पुलीत कापसाचा तंतू आणि तेल मिळून कुत्र्याच्या (रॅचेटच्या दातात पडणाऱ्या खिट्टीच्या) स्प्रिंगभोवती लगदा होतो. मग कुत्रा दातात पडत नाही आणि टिक-टिक अडखळते. झाकण उघडून साफ करा. ब्रेकच्या चकत्यांवर ग्रीस लावू नका, त्या कंपनीने सांगितलं नसेल तर कोरड्याच असतात. मग माफक वजन जमिनीपासून फक्त १०० मिलिमीटर उचला, खडूने खूण करा, दहा मिनिटं थांबा. खाली सरकलं तर पुली लटकवू नका. क्षमतेइतक्या किंवा त्याहून जास्त वजनाची चाचणी गॅरेजात करायची नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने उचलायच्या यंत्रांची आणि साखळ्यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितली होती. तुमचं गॅरेज कायद्याच्या व्याख्येत बसो न बसो, वर्षाचा हा हिशेब सोडू नका.

तारेच्या दोरावरून मूठभर कापूस किंवा कॉटन वेस्ट ओढत न्या. तुटलेली तार कापूस पकडते. उघड्या हाताने दोर कधी चाचपू नका.

हायड्रोलिक जॅकमध्ये वरच्या दांड्यावरचं क्रोम बघा. त्यावर गंजाचे खड्डे पडले की ते दर वेळी सील खरवडतात, मग सीलचं किट बदलूनही आठवड्यात गळती परत सुरू होते. गळतीचं दुसरं कारण म्हणजे ब्रेक ऑइल भरणं. जॅकचे रबरी सील खनिज तेलासाठी असतात. ब्रेक ऑइलने ते फुगतात आणि वजनाखाली फाटतात. हायड्रोलिक ऑइलच भरा. जॅकची परीक्षा चेन पुलीसारखीच: निम्म्या क्षमतेच्या वजनाखाली दहा मिनिटं, खडूची खूण. आणि जॅक चाचणीत पास झाला तरी घोडी लावल्याशिवाय गाडीखाली कोणी जायचं नाही. घोडीच्या पायांची वेल्डिंग आणि दातांची कड यांवर खडू-डिझेलची चाचणी करा.

विजेची हातमशीन

थोडक्यात. केबल मशीनमध्ये शिरते तिथला चार इंचांचा भाग दोन्ही हातांत वाकवून बघा, तार आतून तुटते ती तिथेच. उन्हात पडलेल्या केबलचं रबर कडक होऊन चिरतं. गोदामातल्या मशीनची केबल उंदराने कुरतडलेली असते, पूर्ण लांबी हातातून काढा. चालू मशीनच्या जाळीतून बघताना मोटरच्या कार्बन ब्रशखाली बारीक ठिणग्या चालतात. पण कम्युटेटरभोवती (कार्बन घासतो त्या तांब्याच्या गोल भागाभोवती) पूर्ण गोल निळी आग फिरत असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेलं. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन मोजून घ्या. २ मेगओहमच्या खाली आलेली मशीन पावसाळ्यात हातात घेऊ नका. दुहेरी इन्सुलेशनच्या मशीनला ७ हवेत.

बाद झालेल्या वस्तूचं काय

बाद ठरलेलं हत्यार कोपऱ्यात ठेवलं तर दोन महिन्यांनी घाईत कोणीतरी तेच उचलतं. सरळ भंगारात दिलं तर ते रंग मारून दुसऱ्या गावात विकलं जातं. म्हणून आधी गॅस कटरने निकामी करा. हुकाच्या तोंडातून आरपार कापा, पान्याचा एक जबडा उडवा, साखळीची प्रत्येक दहावी कडी कापा, चाकाचे तुकडे करून पोत्यात भरा. मगच भंगारवाल्याला द्या.

पास झालेल्या हत्यारावर या वर्षाची रंगाची एक बोटभर पट्टी ओढा. यंदा पिवळी, पुढच्या खंडेनवमीला पांढरी. पट्टी नसलेलं हत्यार कामावर घ्यायचं नाही हे हेल्परपासून सगळ्यांना सांगून ठेवा. पट्टी मुठीवर किंवा दांडीवर ओढा. हुकाच्या आतल्या वळणावर, पान्याच्या गळ्यावर आणि वेल्डिंगच्या कडेवर रंग लावू नका, पुढच्या वर्षी तडा शोधायचा आहे तो तिथेच.